निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण आणि इतर योजना: पात्रता व मुदतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तहसील कार्यालयाच्या रांगेत, सेतू केंद्राच्या बाकावर आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा ऐकू येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. महाराष्ट्रात गरजू माणसाचा लाभ तुटतो तेव्हा कारण बहुधा छोटंसं असतं: दाखल्याची मुदत संपलेली, हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला, अर्ज महिनाभर उशिरा गेलेला. म्हणून पात्रतेइतकीच जागा तारखांना दिली आहे. रकमा आणि मुदती शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा अर्ज देण्याआधी चालू आकडा तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत विचारून घ्यावा.

निराधारचा पगार किती वर्षं मिळतो? काही वर्षांनी बंद होतो का?

वर्षांची एकूण मर्यादा नाही. संजय गांधी निराधार अनुदान असो किंवा पासष्टीपुढच्यांसाठीची श्रावणबाळ योजना, पात्रता टिकून आहे तोवर दरमहा पैसे मिळतात. पाच वर्षं घेतले म्हणून सहाव्या वर्षी बंद, असा नियम नाही. बंद पडतात ते वयाची अट ओलांडली म्हणून, उत्पन्न वाढलं म्हणून, किंवा वर्षातून एकदा द्यायचा पुरावा दिला नाही म्हणून. पहिली दोन कारणं आपल्या हातात नसतात, तिसरं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

संजय गांधी योजनेत कोण बसतं?

वय ६५ च्या आत असलेल्या निराधार व्यक्ती. त्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुलं, तसंच कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात, एड्स यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारी माणसं येतात. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास लागतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली.

वर्षाला २१,००० म्हणजे फारच कमी नाही का? एवढ्यात कोण बसणार?

खरं आहे. महिन्याला १,७५० रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. शेतमजुरीला जाणारी बाई महिन्यातले थोडेच दिवस कामावर गेली तरी कागदावर ही रेषा ओलांडते. मर्यादा वाढवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. इतकी खाली ठेवलेली रेषा खऱ्या गरजूंनाच दाराबाहेर उभी करते.

तोवर दोन गोष्टी करता येतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत आपलं नाव आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पाहा. यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न बराचसा सुटतो. अनेकांना आपलं नाव यादीत आहे हेच ठाऊक नसतं. नाव नसेल तर उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्यासमोर खरी परिस्थिती मांडा: किती दिवस काम मिळतं, घरात कोण आजारी आहे, कोण वेगळं राहतं. वेगळा राहणारा, वेगळी शिधापत्रिका असलेला विवाहित मुलगा चौकशीत आईच्या कुटुंबात धरला गेला की मर्यादा लगेच ओलांडते. विभक्त शिधापत्रिका सोबत नेली तर हा घोळ तिथेच मिटवता येतो.

मार्चमध्ये काढलेला उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये चालत नाही म्हणाले. असं कसं?

दाखल्याच्या तळाशी बघा. तिथे बहुधा ३१ मार्चपर्यंत वैध असं छापलेलं असतं. उत्पन्न आर्थिक वर्षाचं मोजलं जातं, म्हणून दाखल्याची मुदतही आर्थिक वर्षाबरोबर संपते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढलेला दाखला चार आठवड्यांत निरुपयोगी होतो. तोच दाखला एप्रिल-मे मध्ये काढला तर जवळजवळ वर्षभर वापरता येतो: मुलांच्या शिष्यवृत्तीला, निराधारच्या अर्जाला, दवाखान्याच्या योजनेला. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे सेतूत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जावं. काही कामांसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागतात. तुमच्या योजनेला एक वर्षाचा लागतो की तीन वर्षांचा, हे आधी विचारा, नाहीतर पुन्हा खेप होते.

हयातीचा दाखला कधी द्यायचा?

संजय गांधी आणि श्रावणबाळ या योजनांत दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात. आपण जिवंत आहोत, हे दरवर्षी दाखवावं लागतं. तो न दिल्यास पैसे थांबतात, आणि थांबले की कोणी घरी येऊन सांगत नाही. बँकेत दोन महिने पैसे पडले नाहीत की मग म्हातारी माणसं चौकशीला निघतात. जानेवारीतच उरकून टाका. मार्चअखेर कार्यालयात वसुलीची धांदल असते.

आईचा अंगठा मशीनवर लागत नाही. काय करायचं?

आयुष्यभर खुरपं धरलेल्या, भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या हातांवरच्या रेषा झिजतात. पासष्टीपुढच्या बायकांमध्ये हा त्रास फार दिसतो. पहिला उपाय म्हणजे आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने घेणं. दहाही बोटं तपासायला सांगा, अंगठा लागला नाही तरी अनामिका किंवा करंगळी लागते. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं तेल लावून बोट ठेवलं तरी फरक पडतो. तरीही जमलं नाही तर डोळ्यांच्या स्कॅनने किंवा चेहऱ्याने पडताळणीची सोय आहे, ती मागून घ्या. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर काही कामं ओटीपीवर होतात. म्हणून आईचं आधार घरातल्या अशा माणसाच्या नंबरला जोडा जो नंबर बदलणार नाही. मुंबई-पुण्याला गेलेल्या नातवाचा नंबर जोडला की ओटीपीसाठी दरवेळी फोनाफोनी होते.

अंगठा लागत नाही म्हणून कोणाचाही लाभ तोंडी नाकारता येत नाही. नाकारला तर लेखी मागा.

आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, पण आजीचं खरं वय जास्त आहे. त्याचा फरक पडतो का?

पडतो, आणि मोठा पडतो. नोंदणीच्या वेळी ज्यांना फक्त अंदाजे वर्ष सांगता आलं, अशा असंख्य ज्येष्ठांच्या आधारवर १ जानेवारी पडली. श्रावणबाळसाठी ६५ वर्षं पूर्ण हवीत. आधारवर वय दोन वर्षांनी कमी लागलं तर दोन वर्षांचे, म्हणजे आजच्या दराने ३६,००० रुपये हातचे जातात. आधारवर जन्मतारीख दुरुस्तीची संधी साधारणपणे एकदाच मिळते, तेव्हा घाईने, चुकीच्या कागदावर दुरुस्ती करू नका. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा मिळतो का, हे आधी गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत शोधा. जुन्या शाळांची दप्तरं बहुतेक ठिकाणी जपलेली असतात. दोन-तीन यत्ता शिकलेल्या बाईचंही नाव त्यात सापडतं.

पासष्टी पूर्ण झाली की निराधारचे पैसे आपोआप श्रावणबाळमध्ये जातात का?

संजय गांधी योजनेतल्या लाभार्थ्याला ६५ नंतर श्रावणबाळमध्ये वर्ग करतात. पण ही नोंद कार्यालयात माणसालाच करावी लागते, म्हणून वाढदिवसाच्या आधीच्या महिन्यात जाऊन विचारणं बरं.

लाडकी बहीण घेणाऱ्या स्त्रीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात. लाडकी बहीण ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळते. त्यानंतर श्रावणबाळसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तिथली उत्पन्न मर्यादा वेगळी आहे. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळमध्ये २१,००० किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. मधल्या या मोठ्या पट्ट्यातल्या बाईला ज्या महिन्यात म्हातारपण अधिकृतपणे सुरू होतं त्याच महिन्यापासून काहीच मिळत नाही. हा धोरणातला दोष आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा. घरातल्या बाईचं वय ६४ असेल तर दारिद्र्यरेषेच्या यादीची खातरजमा आत्ताच करा.

निराधार आणि लाडकी बहीण दोन्ही मिळतात का?

नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. ज्या बहिणींना पीएम-किसान आणि नमो शेतकरी या दोन्हींतून मिळून महिन्याला हजार रुपये पडतात, त्यांना उरलेला ५०० चा फरक दिला जातो. दिव्यांग स्त्रीने २,५०० चं निराधार अनुदान सोडून १,५०० च्या मागे लागण्यात काही अर्थ नाही. असं कोणी सुचवत असेल तर ऐकू नका.

लाडकी बहीणच्या बाकी अटी आणि तारखा काय?

वय २१ ते ६५, महाराष्ट्राची रहिवासी. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातली एक अविवाहित स्त्री. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. कुटुंबात आयकर भरणारा, कायम सरकारी नोकरीतला किंवा सरकारी निवृत्तिवेतन घेणारा माणूस नको. चारचाकी नको, ट्रॅक्टर चालतो. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. परराज्यात जन्मलेली पण महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न झालेली स्त्री पतीच्या कागदपत्रांवर अर्ज करू शकते.

योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. अर्जाची मुदत आधी १५ जुलै २०२४ होती, मग ३१ ऑगस्ट, ३० सप्टेंबर, आणि शेवटी १५ ऑक्टोबर २०२४. उशीर महागात पडतो तो असा: ३१ ऑगस्टपर्यंत अर्ज केलेल्यांना जुलैपासूनचे पैसे मिळाले, सप्टेंबरमध्ये अर्ज केलेल्यांचे सप्टेंबरपासून धरले गेले. म्हणजे पंधरा-वीस दिवसांच्या उशिरात ३,००० रुपये गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांना ई-केवायसी सक्तीची केली. मुदत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. त्यात पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी होती. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे, त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद देण्याची सोय ठेवली. अशी केवायसी पुन्हा लागेल तेव्हा हेच कागद लागतील, म्हणून त्यांच्या प्रती एका पिशवीत घालून ठेवा.

पैसे अचानक बंद झाले. सुरुवात कुठून करायची?

आधी बँकेतून. थेट लाभाचे पैसे खाते क्रमांकावर पडतातच असं नाही, आधारला जे खातं शेवटी जोडलेलं असतं तिथे ते जातात. गावात कोणी नवं खातं उघडून दिलं, पेमेंट बँकेचं सिम घेताना खातं निघालं, आणि आधार तिकडे जोडलं गेलं तर पैसे त्या खात्यात साचत राहतात आणि घरचे म्हणतात योजना बंद पडली. आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत आपलं आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलेलं आहे ते एका मिनिटात कळतं. केवायसी राहिली म्हणूनही खातं अडकतं.

बँकेत सगळं ठीक असेल तर तहसीलमध्ये जा आणि तीन गोष्टी विचारा: माझं नाव चालू यादीत आहे का, हयातीचा दाखला नोंदला आहे का, माझ्या नावासमोर त्रुटी कोणती दिसते. तोंडी उत्तर मिळालं तर ते कागदावर लिहून घ्या, सांगणाऱ्याचं पद आणि तारीख टाका. पुढच्या वेळी दुसरा कर्मचारी असतो, तेव्हा हा कागद फार उपयोगी पडतो.

घरातला कमावता माणूस गेला. कोणत्या मदतीला किती दिवस असतात?

दुःखाच्या दिवसांत तारखा मोजायच्या कशा, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून हे काम शेजाऱ्याने किंवा भावकीतल्या एखाद्याने अंगावर घ्यावं.

सगळ्यात आधी मृत्यूची नोंद, २१ दिवसांच्या आत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, वर्षाच्या आत वरिष्ठांच्या लेखी परवानगीने, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बाकी प्रत्येक मदतीला हा दाखला लागतो, म्हणून तीन-चार प्रती एकदमच घ्या.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता सदस्य वारला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. मृत्यू आजाराने झाला की अपघाताने, हा प्रश्न इथे येत नाही. घर सांभाळणारी गृहिणीही या योजनेत कमावती सदस्य धरली जाते, हे कार्यालयातही अनेकांना ठाऊक नसतं. बाई गेली म्हणून अर्ज परत करत असतील तर मार्गदर्शक सूचना दाखवायला सांगा.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५, सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि कुटुंबातला आणखी एक सदस्य यात येतात. मृत्यूसाठी दोन लाख रुपये. सर्पदंश, वीज पडणं, विहिरीत पडणं हेही अपघातच. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि मुदत फक्त ३० दिवसांची. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. सर्पदंशात माणूस दवाखान्यात न नेता घरीच गेला आणि अंत्यविधी उरकला, तर पुरावाच उरत नाही. त्या क्षणी कोणीतरी पोलीस पाटलाला कळवलं पाहिजे.

बाळंतपणाच्या योजनांची मुदत काय?

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. बाळाच्या जन्मानंतर २७० दिवस, म्हणजे नऊ महिने, एवढीच वेळ असते. माहेरी बाळंतपण झालं की माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी, आधार सासरच्या पत्त्यावर, खातं लग्नाआधीच्या नावावर, अशी गाठ बसते आणि ती सोडवता सोडवता नऊ महिने उलटतात. सातव्या महिन्यातच आशाताईंकडून नाव, खातं, आधार जुळवून घ्या.

मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मली असेल आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनाही आहे: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. अर्ज अंगणवाडीताईंकडे द्यायचा. दुसऱ्या अपत्याच्या वेळी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचा दाखला लागतो.

वडिलांच्या नावावरची जमीन आता माझ्या नावावर झाली. पीएम-किसान मिळेल का?

या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी जमीन कोणाच्या नावावर होती, हे पाहतात. नंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेली जमीन अडते. वडील वारल्यानंतर वारसाने आलेली चालते, म्हणून फेरफारात वारस नोंद झालीय का ते तपासा.

बांधकाम कामगार नोंदणी एकदाच करायची ना?

नाही. वय १८ ते ६०, आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला, आणि दरवर्षी नूतनीकरण. नूतनीकरण चुकलेल्या काळात मुलाची शिष्यवृत्ती किंवा दवाखान्याचा खर्च मागता येत नाही.

दाखला वेळेत देत नाहीत, अर्ज पडून आहे. दाद कुठे मागायची?

दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. उत्पन्नाचा आणि वय-अधिवासाचा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं, मग द्वितीय, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण या सगळ्याची किल्ली पोचपावती आहे. पावतीवर तारीख नसेल तर १५ दिवस कधी सुरू झाले हे सिद्धच करता येत नाही. पोच न देता “ठेवून जा” म्हणाले तर ठेवून येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

निराधारच्या अर्जाचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा: अर्ज कोणत्या तारखेच्या समितीपुढे ठेवला, निर्णय काय, नाकारला असल्यास कोणत्या कारणाने. १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही तक्रार मांडता येते.

अर्ज एकदा नाकारला गेला. पुन्हा करता येतो का?

येतो. नाकारण्याचं कारण लेखी घ्या आणि तेवढीच त्रुटी भरून काढून नवा अर्ज द्या, सोबत जुन्या अर्जाची पोच जोडा. कारण उत्पन्नाचं असेल तर नव्या आर्थिक वर्षाचा दाखला काढून एप्रिलनंतर अर्ज करा. वयाचं असेल तर वय पूर्ण होताच त्याच आठवड्यात. रहिवासाचं असेल तर १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार यादीतलं नाव किंवा मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता यांपैकी जे सापडेल ते जोडा.